आईचं पीडी घरी: कामाच्या नोंदी

१२ मे २०२४

आईचं पोटाचं डायलिसिस, म्हणजे पीडी (मशीनशिवाय हाताने करायच्या प्रकाराला सीएपीडी म्हणतात), फेब्रुवारीपासून घरी चालू आहे. आमचं गाव कुडाळ तालुक्यात, रस्त्यापासून आत. मशीनचं डायलिसिस घेतलं असतं तर आठवड्यातून तीनदा गाडी करून जायचं, चार तास सुया टोचून पडून राहायचं आणि घरी येऊन उरलेला दिवस झोपून काढायचा. पोटाच्या डायलिसिसने ते सगळं टळलं. त्याबदल्यात दिवसातून तीन वेळा पाणी बदलावं लागतं: सकाळी ७, दुपारी २, रात्री ९. दर वेळी जुनं पाणी काढून २ लिटर नवं पोटात भरायचं. हे पाणी म्हणजे साखर आणि क्षार घातलेलं औषधाचं पाणी. ते पोटात असताना रक्तातली घाण आणि जादा पाणी पोटाच्या पडद्यातून त्यात उतरतं.

प्रत्यक्ष अदलाबदलीला पाऊण तास पुरतो. काढायला वीस मिनिटं, भरायला दहा, बाकी हात धुणं आणि तयारी. आमच्याकडे मात्र प्रत्येक वेळी दीड तास जातो आणि आईच्या जोडीला कोणीतरी एक जण अडकून पडतो. आठवडाभर मी नुसतं बघत होतो की हा वरचा वेळ जातो कुठे. पिशवी गरम करण्यात, ती वर टांगण्यात, भरलेली पिशवी मोजून ओतण्यात, खोके हलवण्यात. डायलिसिसच्या खऱ्या कामात काहीच अडत नाही, त्याच्या आजूबाजूच्या हमालीत अडतं. मी वेल्डिंग आणि वायरिंगची कामं करतो. हमाली कमी करणं मला जमण्यासारखं आहे.

सुरुवातीलाच हद्द ठरवून घेतली आहे. पिशवी, तिची नळी, पोटात बसवलेली नळी (कॅथेटर), तिला बाहेरून जोडलेली छोटी नळी (ट्रान्सफर सेट) आणि त्या नळीच्या तोंडाचं टोपण (मिनीकॅप), म्हणजे ज्या वाटेने पाणी पोटात जातं ती अख्खी वाट, तिला हात लावायचा नाही. त्यात बदल नाही, जुगाड नाही, काटकसर नाही. मिनीकॅप एकदा काढली की फेकायचीच, ती कितीही स्वच्छ दिसली तरी. सिस्टरने शिकवलेल्या क्रमातली एकही पायरी गाळायची नाही. माझं काम त्या वाटेच्या बाहेर.

१९ मे

पहिलं काम टांगण्याचं. दुकानातून सलाइनचा स्टँड आणला होता, १२०० रुपये. आमच्या खोलीचा कोबा सपाट नाही. दोन किलोची पिशवी एका बाजूला लावली की स्टँड डुगडुगतो, आणि त्या वेळी आईच्या पोटाला नळी जोडलेली असते. तो बाजूला ठेवला.

भिंतीत उंच हूक ठोकणं सोपं होतं, पण आईचा उजवा खांदा धरलेला आहे. "माका हात वर करूक जमणा नाय," हे ती पहिल्या दिवसापासून सांगत होती. म्हणून आधी उलटा विचार केला: हूक खालीच ठेवू आणि आईलाच बुटक्या खुर्चीवर बसवू. भरणं छान झालं, काढणं रखडलं. कारण उघड आहे. पाणी पोटात जातं ते पिशवी पोटापेक्षा जेवढी वर असेल त्या जोरावर, आणि बाहेर येतं ते खालची पिशवी जेवढी खाली असेल त्या जोरावर. दोन्हीकडे पंप नाही. खुर्ची बुटकी केली की भरण्याला उंची मिळते आणि तेवढीच निघण्याच्या वाट्याची कमी होते. वीस मिनिटांचं काम पस्तीसवर गेलं.

शेवटी कपडे वाळत घालायचा छताचा पुली हँगर असतो ना, त्याची एक कप्पी आणि दोरी वापरली. पिशवी कमरेच्या उंचीवर हुकात अडकवायची, मग दोरी ओढून वर न्यायची आणि भिंतीवरच्या खुंटीला दोन वेढे मारायचे. खुर्ची पूर्वीचीच, नेहमीच्या उंचीची. आई हे डाव्या हाताने एकटी करते. दोरी सुती घेतली होती, तिचे धागे सुटायला लागले म्हणून लगेच काढून नायलॉनची लावली आणि ती रोज ओल्या फडक्याने पुसतो. पिशवी वर चढवायची ती जोडणीच्या आधी आणि मास्क लावायच्या आधी. दोरी हाताळल्यावर हात पुन्हा धुवायचे. हा क्रम भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून लावला आहे.

किती वर न्यायची? फार वर नेली तर पाणी जोरात शिरतं आणि आईला खाली ओटीपोटात कळ येते. बसल्यावर खांद्याच्या थोडं वर, एवढं पुरतं. दोरीला त्या जागी लाल टेप गुंडाळली आहे.

खर्च २१० रुपये. स्टँड विकायला काढला आहे.

२ जून

गरम करण्याची पेटी. आजपर्यंत पिशवी दुपारी उन्हात ठेवायचो, रात्री टॉवेलात गुंडाळून शेकायच्या रबरी पिशवीखाली. पाऊस तोंडावर आला आहे, म्हणजे ऊन संपलं. पाणी थंड गेलं की आईला हुडहुडी भरते आणि पोटात कळा येतात. "थंड लागता रे" म्हणते आणि अर्ध्यावर क्लॅम्प (नळीचा चिमटा) बंद करते.

काय करायचं नाही हे आधी लिहितो, कारण लोक नेमकं तेच करतात. गरम पाण्यात पिशवी बुडवायची नाही. तोंडाशी ओल राहते आणि त्या ओलीतून जंतू आत जायचा धोका असतो. मायक्रोवेव्हमध्ये ठेवायची नाही. पाणी एका जागी उकळतं, दुसऱ्या जागी कोमट राहतं, आणि जास्त तापलेल्या साखरेपासून पोटाच्या पडद्याला घातक पदार्थ तयार होतात. कोरडी उष्णता द्यायची, आणि वरचं जाड वेष्टन न फाडता.

आमच्या बाजूला गावठी कोंबड्यांची पिल्लं काढायला थर्माकोलच्या पेटीत बल्ब आणि छोटा थर्मोस्टॅट (ठरवलेल्या तापमानाला बल्ब चालू-बंद करणारं सर्किट) लावतात. अंड्यांना साडेसदतीस अंश लागतात. आपल्याला सदतीस. म्हणजे यंत्र तेच. नवी पेटी घेतली (मासळीची वापरलेली अजिबात नको), आत ६० वॅटचा साधा बल्ब, डब्ल्यू १२०९ नावाचा डिजिटल थर्मोस्टॅट.

दोन तासांत बल्बाजवळचा थर्माकोल वितळून आत गेला आणि घरभर वास सुटला. शिवाय २३० व्होल्टची वायर आणि दोन लिटर पाण्याची पिशवी एकाच पेटीत, हे माझं मलाच पटेना. पिशवी कधी गळली तर? तो आराखडाच रद्द. वाया गेलेले ४०० रुपये आणि एक रविवार.

९ जून

दुसरी पेटी १२ व्होल्टवर. घरात इन्व्हर्टर आहेच, त्याच्या बॅटरीवरूनच थेट वायर काढली, ५ अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ लावून. तापवायला गाडीच्या इंडिकेटरचे २१ वॅटचे दोन बल्ब. चार्जिंग चालू असताना बॅटरीवर १४ व्होल्टच्या आसपास दाब असतो, पण गाडीचे बल्ब तो सोसायलाच बनलेले असतात. बल्बांवर भोकं पाडलेल्या पत्र्याचा डबा, डबा थर्माकोलपासून दीड इंच दूर, आणि हवा फिरवायला कॉम्प्युटरमधला छोटा पंखा. शॉकची भीती गेली, आणि वीज गेली तरी पेटी चालूच राहते.

आत एक जाळीची फळी आहे, म्हणजे पिशवी बल्बच्या डब्याला टेकत नाही.

४२ वॅट पुरतील का, याचा हिशोब आधी केला होता. २ लिटर पाणी २७ वरून ३६ अंशांवर न्यायला २१ वॅट-तास लागतात. म्हणजे गळती धरली नाही तर अर्धा तास. प्रत्यक्षात एका पिशवीला सव्वा तास लागतो. चालेल. पिशवी वेळेच्या दीड तास आधी पेटीत ठेवायची, बस. दिवसाच्या तीन पिशव्यांना मिळून दीडशे-एकशेसाठ वॅट-तासांत काम होतं. १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीला ते जाणवतही नाही.

१६ जून

पेटीवर ३७ दिसतंय आणि आईला पाणी थंड लागतंय. आठवडाभर हाच घोळ.

थर्मोस्टॅटचा सेन्सर पेटीच्या हवेत लटकत होता. हवा दहा मिनिटांत ३७ ला पोचते, बल्ब बंद होतात, पिशवी आत ३० वरच. मग सेन्सर पिशवीच्या घडीत ठेवला, तर उलटं झालं. पिशवी गरम होईपर्यंत बल्ब सतत पेटलेले आणि पेटीतली वरची हवा ५० च्या पुढे. पिशवीचा बल्बाकडचा भाग हाताला चटका देत होता.

दोन्ही जागी लक्ष ठेवायला लागतं, हे उत्तर निघालं. डिजिटल सेन्सर पिशवीच्या घडीत, ३६.५ वर बंद होणारा. आणि बल्बांच्या वायरीत केएसडी ३०१ नावाचं गोल बटणासारखं थर्मल कटआउट, ४५ अंशांचं, बल्बच्या डब्यावरच्या हवेत. हवा ४५ झाली की ते आपोआप तोडतं, थंड झाली की जोडतं. डिजिटल सर्किट कधी बिघडून बल्ब चालूच राहिले तरी हे तोडेल. ४० रुपयांची वस्तू आहे, पण हिच्याशिवाय पेटी कोणी वापरू नये असं मी म्हणेन.

तरीही जोडण्याआधी आई पिशवीवर मनगटाची आतली बाजू ठेवून बघतेच, आणि तिने बघावंच. आज पहिल्यांदा अख्खे दोन लिटर तिने क्लॅम्पला हात न लावता भरू दिले.

दुसऱ्या पेटीचा एकूण खर्च ९०० च्या आत.

३० जून

धो धो पाऊस. महिन्याचे खोके भिंतीला लावून जमिनीवर रचले होते. खालच्या ओळीला ओल धरली, पुठ्ठा बसला, वरची चळत कलली. आणि उंदीर. एका खोक्याच्या कोपऱ्याला बारीक भोक, आत पिशवी गळून सगळं चिकट झालेलं. त्या खोक्यातल्या उरलेल्या पिशव्या बाहेरून पुसता आल्या असत्या, पण कुठे दात लागला आहे हे डोळ्यांना दिसत नाही. सगळ्या टाकल्या. गेल्या पाच महिन्यांतलं हे सर्वांत महागडं नुकसान.

स्लॉटेड अँगलचा रॅक केला. जमिनीपासून एक फूट वर, बाहेरच्या भिंतीपासून वीतभर पुढे, तिन्ही बाजूंनी बारीक जी.आय. जाळी आणि पुढे जाळीचंच दार. माळ्यावर ठेवण्याचा सल्ला बऱ्याच जणांनी दिला होता. पण कौलांखाली उन्हाळ्यात जी भट्टी होते तिच्यात औषधाचं पाणी ठेवायचं नाही. नवा माल मागून भरायचा, जुना पुढून काढायचा. खोक्यावर मुदतीची तारीख मार्करने हातभर मोठी लिहिलेली. एक खोका तेरा-चौदा किलोचा असतो, तो आईने उचलू नये म्हणून वरच्या फळीवर आठवड्याच्या सुट्या पिशव्या काढून ठेवतो.

उंदराच्या प्रकारानंतर एक सवय लागली आहे. पिशवी पेटीत ठेवायच्या आधी दोन्ही हातांनी दाबून बघायची. वेष्टनाच्या आत थोडं दव असतं, ते नेहमीचंच. पण दाबल्यावर थेंब सरकत आला तर ती पिशवी बाद.

१४ जुलै

वजनाचं काम. पोटातून किती पाणी जास्तीचं निघालं हे रोज वहीत लिहायचं असतं. २ लिटर घातले आणि २३०० मिली निघाले तर ३०० मिली शरीरातलं जादा पाणी बाहेर आलं. आमच्या वहीतले आकडे चांगले होते, तरी आईच्या पायांवर सूज चढत होती. हे जुळत नव्हतं.

बघितलं तर आम्ही निघालेली पिशवी काट्याला लावून तिच्यातून २ किलो वजा करत होतो. त्यात तीन घोटाळे. रिकाम्या पिशवीचं आणि नळ्यांचं वजन धरलेलं. जोडल्यावर नळी धुण्यासाठी नव्या पिशवीतलं थोडं पाणी सरळ खालच्या पिशवीत सोडतात, शंभरेक मिली, तेही धरलेलं. आणि नव्या पिशवीत कंपनी मुळातच दोन लिटरपेक्षा थोडं जास्त भरते. तिन्ही चुका एकाच दिशेने. वहीत दिसणारं रोजचं जास्तीचं पाणी बऱ्याच अंशी प्लास्टिकचं आणि धुण्याच्या पाण्याचं होतं.

आता असं करतो. वेष्टन फाडल्यावर, जोडण्याच्या आधी, अख्खा संच एकत्र लटकवून वजन घ्यायचं: भरलेली पिशवी, रिकामी पिशवी, नळ्या, सगळं. काम संपल्यावर तोच अख्खा संच पुन्हा काट्याला. दोन्ही वजनांतला फरक म्हणजे पोटातून निघालेलं वजा पोटात गेलेलं. नळी धुतलेलं पाणी वरून खाली गेलं तरी संचातच राहतं, म्हणून ते आपोआप कटतं. कंपनीने जास्त भरलेलंही कटतं. वजाबाकी एकच.

काटा प्रवासी बॅगा मोजायचा डिजिटल, ३५० रुपयांचा, १० ग्रॅमपर्यंत दाखवतो. बाजारात स्प्रिंगचा काटा स्वस्त मिळतो, पण त्यावर ५० ग्रॅमचा फरक वाचता येत नाही.

नव्या पद्धतीने रात्रीच्या दहा तासांच्या पाण्याचा फरक उणे आला. म्हणजे रात्रभरात शरीराने पाणी सोडलं नाही, उलट पिशवीतलं थोडं ओढून घेतलं.

२८ जुलै

वही घेऊन डॉक्टरांकडे. त्यांनी पाच मिनिटं फक्त रात्रीची ओळ वाचली. दीड टक्का साखरेचं पाणी इतके तास पोटात राहिलं की त्यातली साखर रक्तात शोषली जाते, पाणी ओढायला काही उरत नाही, आणि मग पाणी उलट आत जातं. रात्रीची पिशवी अडीच टक्क्यांची केली. सकाळच्या आणि दुपारच्या दीडच्याच. आईला साखरेचा आजार नाही, तरी अडीच टक्क्यांच्या एका पिशवीत ५० ग्रॅम साखर असते आणि तिच्यातली बरीचशी अंगात जाते. म्हणून वजनावर आणि जेवणावर लक्ष ठेवायला सांगितलं.

दुसरी गोष्ट जास्त मोठी. आईला अजून दिवसाला बऱ्यापैकी लघवी होते. चोवीस तासांची लघवी आणि चोवीस तासांचं निघालेलं पाणी दोन्ही तपासलं, त्यावरून रक्ताची साफसफाई पुरेशी होते असं डॉक्टरांचं म्हणणं. म्हणून चौथी पिशवी लावायची नाही, तीनच पुरे. दर काही महिन्यांनी पुन्हा तपासायचं. लघवी कमी झाली की पिशव्या वाढतील. मी पेटी, रॅक, काटा करत बसलो आहे, पण रोजची एक अख्खी पिशवी, तिचं प्लास्टिक, तिचे पैसे आणि आईचा पाऊण तास वाचला तो एवढ्यामुळे. उरलेल्या मूत्रपिंडाला जपणं (दुखण्याच्या गोळ्या मनाने न घेणं हे त्यात पहिलं) ही यातली सर्वांत मोठी बचत आहे. मात्र पिशव्या किती हे डॉक्टरच ठरवणार. पैसे वाचवायला स्वतःच्या मनाने पिशवी गाळणारे लोक असतात. दम लागून रात्री गाडी काढायची वेळ येते ती त्यांच्यावर.

परतताना घाटातून येणारा मालाचा ट्रक अडकला होता म्हणून आमचा पुरवठा दोन दिवस उशिरा, असा फोन आला. तेव्हा डोक्यात आलं ते लिहून ठेवतो. दीड टक्क्याच्या २ लिटरच्या पिशवीत साखर आणि क्षार मिळून जेमतेम ५० ग्रॅम. बाकी पाणी. म्हणजे पाऊस कोसळणाऱ्या कोकणात आम्ही घाटावरून ट्रकने पाणी आणतो आहोत. हे जगात इतरांनाही खटकलेलं आहे. ऑस्ट्रेलियातल्या जॉर्ज इन्स्टिट्यूटने स्वस्त डायलिसिससाठी बक्षीस ठेवलं होतं, ते २०१६ मध्ये व्हिन्सेंट गार्वी नावाच्या आयरिश अभियंत्याला मिळालं. कल्पना अशी की साध्या पाण्याची वाफ करून शुद्ध पाणी जागेवरच बनवायचं आणि कोरड्या पुड्यांचं मिश्रण त्यात मिसळायचं. ते सगळीकडे मिळू लागेल तो दिवस चांगला. पण हे घरी करून बघायची गोष्ट नाही, कोणी डोक्यातही आणू नये. उकळलेलं पाणी म्हणजे पोटात सोडण्याइतकं शुद्ध पाणी नव्हे.

११ ऑगस्ट

कचरा. एका वेळचा सगळा ऐवज, दोन्ही पिशव्या, नळ्या, वेष्टन, टोपण, कोरडा करून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला तर पाव किलोच्या जवळ भरतो. त्याला तिनाने गुणा, मग महिन्याने. खोक्यांचा पुठ्ठा वेगळा.

आधी निघालेल्या पाण्याचं. आम्ही ते मोरीत ओतत होतो आणि मोरीत मुंग्यांची रांग हटत नव्हती. साखर शिल्लक असतेच त्यात. माडाच्या बुंध्यात ओतावं असं शेजारून सुचवण्यात आलं, पण ते शरीरातून निघालेलं पाणी आहे, उघड्यावर नको. आता सरळ संडासात, वरून बादलीभर पाणी. पिशवीचा कोपरा कात्रीने कापून ओतताना शिंतोडे उडायचे. आता नळी भांड्यात सोडून क्लॅम्प उघडायचा आणि पिशवी खिडकीच्या गजाला केलेल्या हुकात लावून आपण दुसऱ्या कामाला जायचं. पाच मिनिटांत रिकामी.

ओतण्याआधी एक काम कधीच चुकवत नाही. पिशवी छापील कागदावर ठेवायची आणि पाण्यातून अक्षरं वाचायची. आम्ही कॅलेंडरचं जुनं पान प्लास्टिकमध्ये लॅमिनेट करून मोरीच्या कट्ट्यावर चिकटवलं आहे. तिथी वाचता आली पाहिजे. वाचता आली नाही, पाणी गढूळ दिसलं, तर ओतायचं नाही. पिशवी तशीच घेऊन दवाखाना गाठायचा, पोट दुखत असो वा नसो. पोटाच्या पडद्याच्या संसर्गाची ती पहिली खूण असते. मागे एकदा पांढरे धागे तरंगताना दिसले म्हणून धावलो होतो. ते फायब्रिन (रक्तातल्या एका प्रथिनाचे धागे) निघालं, संसर्ग नव्हता. तरी धावलो ते बरोबरच.

आता प्लास्टिक. पुठ्ठा भंगारवाला नेतो. बाहेरचं वेष्टन कोरडं आणि स्वच्छ असतं, ते सुक्या कचऱ्यात वेगळं. निळे क्लॅम्प धुऊन पुन्हा वापरायचेच असतात. राहतात त्या पिशव्या आणि नळ्या. त्या पीव्हीसीच्या. गावात सुका कचरा परसात जाळायची पद्धत आहे, आणि पहिले दोन महिने आमच्याही परसात तेच झालं. पीव्हीसी जळताना आम्लाचा धूर निघतो, डोळे आणि घसा झोंबतो, आणि त्यात न दिसणारं विषही असतं. ते बंद केलं. पण बंद करून ठेवायचं कुठे?

७ ते ११ सप्टेंबर

चतुर्थी. पाच दिवसांचा गणपती, मुंबईहून सगळे आलेले, घरात पाय ठेवायला जागा नाही. बॅग बदलायच्या खोलीत अंथरुणं, दारातून पोरांची ये-जा, धूप, कापूर, पंखे.

आईला वाटत होतं की हे पाच दिवस आपण खोलीत कोंडून राहणार. "आरतीक मी असतलंय," एवढंच तिचं म्हणणं. सिस्टरला फोन केला. पोटातलं पाणी निदान चार ते सहा तास राहावं लागतं, घड्याळाला बांधलेलं नसतं. तास इकडे तास तिकडे चालतं, दिवसाच्या पिशव्या पुऱ्या झाल्या की झालं. मग सकाळची साडेपाचला घेतली, घर झोपलेलं असताना. दुपारची साडेबाराला, नैवेद्याच्या आधी. रात्रीची आरती आणि भजन संपल्यावर. सहा महिने आम्ही ७, २ आणि ९ हे शाळेच्या घंटेसारखं पाळत होतो, त्याची गरजच नव्हती. आता आईच वेळा ठरवते. सोमवारी बचत गट असतो तेव्हा वेगळ्या, बाजाराच्या दिवशी वेगळ्या.

खोलीला आतून कडी बसवली आणि बाहेर लाल बल्ब. आत आईने मास्क लावला की ती स्विच दाबते, बल्ब पेटला की कोणी दार उघडायचं नाही. पंखा आणि बल्ब एकाच टू-वे स्विचवर घेतले आहेत. बल्ब लागला की पंखा आपोआप बंद. जोडताना पंखा बंद हवा हे लक्षात ठेवावंच लागत नाही.

हात धुण्याचं एक अडत होतं. घरात माणसं वाढली की टाकी दुपारी रिकामी होते, आणि वीज नसली तर पंप नाही. आता कोपऱ्यात वीस लिटरचा झाकणाचा पिंप, कोपराने ढकलायचा लांब दांड्याचा नळ, खाली बादली. तो पिंप फक्त आईचा. विसर्जनाच्या दिवशी संध्याकाळी वीज गेली होती, तरी पेटी गरम, नळाला पाणी, आणि आई ओढ्यापर्यंत चालत गेली.

२९ सप्टेंबर

पिशव्यांचं निम्मं सुटलं. दवाखान्यात असा कचरा लाल पिशवीत जातो. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमात नळ्या आणि सलाइनच्या पिशव्या यांसाठी लाल रंग आहे. ते जाळत नाहीत, वाफेने निर्जंतुक करून तुकडे करतात आणि प्लास्टिक पुन्हा वापरात जातं. म्हणजे व्यवस्था आहे, ती फक्त घरापर्यंत येत नाही. जवळच्या एका दवाखान्याने घरचा कचरा घ्यायला नकार दिला. त्यांना वजनावर पैसे भरावे लागतात, त्यांचीही अडचण खरी. आईची तपासणी जिथे असते तिथल्या युनिटने मात्र ऐकून घेतलं. अट एकच: कोरड्या, चपट्या आणि बांधलेल्या हव्यात, थेंब गळता कामा नये.

म्हणून रिकाम्या झालेल्या पिशव्या नळीने पाणी ओढून एकदा विसळतो, क्लॅम्प उघडे ठेवून मोरीत उलट्या टांगतो, दुसऱ्या दिवशी फळीखाली दाबून हवा काढतो, नळ्या गुंडाळतो. महिन्याचा ढीग दोन गोणींत बसतो आणि तपासणीला जाताना डिकीतून जातो. आधी हाच ढीग अख्खी पडवी भरून टाकायचा. विसळताना हातमोजे घालतो, आणि हे काम मी करतो, आई नाही. कॅथेटरजवळच्या हातांनी हा कचरा हाताळायचा नाही.

१७ नोव्हेंबर

थंडी पडायला लागली. सकाळी खोलीत १९ अंश. पेटीला सव्वा तासाऐवजी दोन तास लागतात. पहाटे उठून पिशवी ठेवायला नको म्हणून रात्री झोपताना एकच पिशवी पेटीत ठेवतो आणि गजराचं साधं टायमर पहाटे चारला पेटी चालू करतं. रात्रभर गरम ठेवत नाही. पेटीला बाहेरून जुन्या गोधडीचं कव्हर शिवलं, त्याने पंधरा मिनिटं वाचली.

पुढच्या महिन्यात भाचीचं लग्न कोल्हापूरला. दोन मुक्काम. कप्पीऐवजी दाराच्या चौकटीवर अडकणारा पट्टीचा हूक केला, दीड किलोचा आहे, बॅगेत मावतो. तो घरी तीन दिवस वापरून पाहिला, नीट बसतो. पेटी गाडीच्या १२ व्होल्टवर चालते, त्यासाठी सिगारेट लायटरची पिन जोडली. अडचण खोलीची आहे. लग्नघरात कडी असलेली, झाडलेली, माणसं नसलेली खोली पाऊण तास मिळाली पाहिजे. मेहुण्यांशी बोललो आहे, ते लॉजमधली एक खोली वेगळी ठेवणार. पिशव्या दोन दिवसांच्या आणि वर दोन जादा. ट्रान्सफर सेट सहा महिन्यांनी बदलायचा असतो, तो फेब्रुवारीत आहे, म्हणजे प्रवासात ती काळजी नाही.

राहिलेलं काम: बाहेरची वेष्टनं. स्वच्छ आहेत, कोरडी आहेत, पण भंगारवाला घेत नाही, म्हणतो वजनाला भरत नाहीत. तीन गोणी साठल्या आहेत. ओरोसला प्लास्टिक गोळा करणारा एक जण आहे असं कळलं, गुरुवारी जाऊन विचारणार.